वाचक विचारतात: गेमिंगची कॉमेंट्री शिकायची कशी आणि चॅटमधल्या कमेंट झेलायच्या कशा

या महिन्यात बहुतेक पत्रं आणि मेसेज एकाच विषयावर आलेत, गेमिंगच्या स्पर्धांची कॉमेंट्री. कारण उघड आहे, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये क्रिकेट-कबड्डीच्या जोडीला आता बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम, शेवटपर्यंत टिकेल ती टीम जिंकते) आणि व्हॅलोरंट (कॉम्प्युटरवरचा, पाच-पाच जणांच्या दोन टीमचा गोळीबाराचा गेम) असतंच, गेमिंग कॅफेवाले स्पर्धा घेतात, यूट्यूबवर लाईव्ह जातात आणि कोणाच्या तरी हातात माईक येतो. मला या कामाबद्दल मनापासून आस्था आहे त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात, या वेळी सगळी जागा याच मुलामुलींना. नावं छापत नाही, फक्त परिसर देते.

ताई, मी बीकॉम सेकंड इयरला आहे. बीजीएमआय बरीच वर्षं खेळतोय, मित्र म्हणतात तुझा आवाज भारी आहे, तू कास्टर, म्हणजे गेमचा कॉमेंटेटर हो. पण सुरुवात कुठून करू? आधी चांगला माईक घेऊ का? आणि नाशकात याचा क्लास कुठे आहे का?
— गंगापूर रोड

माईक आत्ता घेऊ नकोस. मोबाईलचा वायरवाला इअरफोन असेल ना घरात, त्याचा माईक सुरुवातीला पुरतो. क्लासच्याही मागे लागू नकोस, हे काम करूनच येतं आणि करायला जे लागतं ते सगळं तुझ्याकडे आज आहे. मोठ्या स्पर्धेची जुनी मॅच यूट्यूबवर उघड, तिचा आवाज पूर्ण बंद कर आणि दुसऱ्या फोनच्या रेकॉर्डरवर तुझी कॉमेंट्री कर, पूर्ण मॅच, अडखळलास तरी न थांबता पुढे. लॅपटॉप असेल तर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात गेमचा आवाज आणि तुझा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतो. फाईल एमकेव्हीमध्ये सेव्ह कर, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं, एमपीफोरमध्ये घेतलंस तर अख्खी फाईल वाया जाऊ शकते.

आता महत्त्वाचं. ते रेकॉर्डिंग लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी ऐक, आणि स्क्रीन न बघता ऐक. ऐकताना एवढंच बघ की किती टीम उरल्यात, झोन (आकसत जाणारी सुरक्षित जागा) कुठे चाललाय, कोण कोणावर फायर करतंय हे नुसत्या आवाजावरून कळतंय का. नवीन मुलांच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या सर्कलचे, म्हणजे झोन अगदी छोटा उरतो तेव्हाचे, वीस सेकंद साधारण असे असतात (नेड म्हणजे हातबॉम्ब, नॉक म्हणजे प्लेअर जमिनीवर पडणं, ब्लू झोन म्हणजे झोनबाहेरचा घातक भाग):

"अरे अरे अरे काय फाईट चाललीये! ओह माय गॉड! नेड टाकला! नॉक! परत नॉक! काय खेळतोय भाऊ! अशक्य! अशक्य!"

आणि तेच वीस सेकंद असेही होऊ शकतात:

"चार टीम, नऊ प्लेअर. झोन नदीकडे सरकलाय, दगडामागची टीम आत आहे, झाडीतल्या तिघांना बाहेर पडावंच लागणार. स्मोक टाकले... एक... दोन... निघाले, आणि दगडामागून फायर सुरू! पहिला नॉक! दुसरा उचलायला थांबला, नको थांबू, नेड येतोय, तो पण गेला! तिघातला एक उरलाय आणि ब्लू झोन त्याच्या पाठीला लागलाय!"

दोन्हीत ओरडणं आहे. पण दुसऱ्यात "बाहेर पडावंच लागणार" हे फाईट व्हायच्या आधी सांगितलंय, त्यामुळे ऐकणारा वाट बघायला लागतो आणि मग जेव्हा तू ओरडतोस तेव्हा तो पण तुझ्यासोबत खुर्चीतून उठतो. माझ्या मते अर्धी कॉमेंट्री या एका गोष्टीत आहे, आता काय होऊ शकतं ते आधी सांगायचं, मग जे होईल ते सांगायचं. दुसरं म्हणजे आवाज चढवायला जागा शिल्लक ठेव. पोचिंकीत, म्हणजे मॅपवरच्या गावात, उतरल्या उतरल्या घसा फाडलास तर शेवटच्या सर्कलला काय करशील?

आणि तयारी. मोठ्या स्पर्धेत 16 टीम असतात, टीममागे 4 म्हणजे 64 प्लेअर, त्यांची गेममधली नावं एकेक अशी असतात की वाचायला पण कठीण. मॅचच्या आधी वहीत टीमवार यादी काढ, नाव कसं म्हणायचं ते शक्य असेल तर त्या प्लेअरलाच विचार, कोणीही रागावत नाही, उलट त्यांना बरं वाटतं. पॉइंटचा हिशोब तोंडपाठ पाहिजे. पहिल्या नंबरला 10, दुसऱ्याला 6 आणि प्रत्येक फिनिशला (समोरचा प्लेअर बाद केला की) 1 असं धरलं तर 3 फिनिश घेऊन मॅच जिंकलेल्या टीमचे 13 होतात आणि 8 फिनिश घेऊन दुसरी आलेल्या टीमचे 14. म्हणजे चिकन डिनर (मॅचचा विजय) एकाचं आणि जास्त पॉइंट दुसऱ्याचे. हे तू मॅच चालू असताना सांगितलंस ना की प्रेक्षक तुला सोडून जात नाही, कारण स्क्रीनवर जे दिसत नाही ते त्याला तुझ्याकडून कळलं. प्रत्येक स्पर्धेची पॉइंट पद्धत आयोजकाकडून आधी लेखी मागून घे, ती बदलू शकते.

अजून एक, गेमबाहेर पण बोल. आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात, त्यातल्या कित्येक यूट्यूबवर मराठी कॉमेंट्रीसकट लाईव्ह असतात. तिथल्या आयोजकाला दोन ओव्हर मागून बघ. समोर खरी माणसं असताना बोलायची सवय बंद खोलीत लागत नाही. शहरात रेडिओ विश्वाससारखं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, तिथेही चौकशी करायला काय हरकत आहे.

आम्ही दोघं मित्र एका कॅफेच्या व्हॅलोरंट स्पर्धांना कास्टिंग करतो. प्रॉब्लेम असा की दोघंही एकदम बोलतो आणि मग दोघंही एकदम गप्प होतो. यावर उपाय?
— सिडको

कामं वाटून घ्या आणि मॅचच्या मध्ये बदलू नका. एक जण प्ले-बाय-प्ले, म्हणजे डोळ्यासमोर जे घडतंय ते सांगणारा, दुसरा अ‍ॅनालिस्ट, म्हणजे ते का घडलं आणि आता काय होईल ते सांगणारा. व्हॅलोरंटमध्ये हे वाटप सोपं आहे कारण गेमच तुम्हाला जागा देतो. राऊंडच्या आधी साधारण 30 सेकंद खरेदीला असतात, ते पूर्ण अ‍ॅनालिस्टचे. कोणाकडे किती क्रेडिट (गेममधले पैसे) आहेत, 2900 ची व्हँडल किंवा फँटम बंदूक घेतायत का पैसे वाचवून पुढच्या राऊंडला भिडणार आहेत, हे त्याने तेव्हा सांगायचं आणि बॅरियर, म्हणजे राऊंड सुरू होईपर्यंत टीमना अडवणाऱ्या भिंती, पडायच्या आत वाक्य संपवायचं. बॅरियर पडले की माईक प्ले-बाय-प्लेवाल्याचा. त्याचं बोलणं अ‍ॅनालिस्टने तोडायचं नाही, कितीही भारी पॉइंट सुचला तरी, वहीत लिहून ठेवायचा.

स्पाईक, म्हणजे हल्ला करणारी टीम लावते तो बॉम्ब, लागल्यावर काय करायचं ते मात्र दोघांनी नीट बसवून घ्या, तिथे सगळ्यात जास्त मजा आहे आणि बहुतेक जण ती घालवतात. स्पाईक 45 सेकंदांनी फुटतो, डिफ्यूजला, म्हणजे तो निकामी करायला, 7 सेकंद लागतात, आणि साडेतीन सेकंद पूर्ण झाले की अर्धं डिफ्यूज जमा राहतं, मग हात काढून परत आलं तर उरलेलं साडेतीनच लागतं. आता हे आकडे डोक्यात असले की शेवटच्या एका डिफेंडरने स्पाईकला हात लावला, आवाज ऐकून समोरचा धावत आला, डिफेंडरने हात काढला, तेव्हा "अर्ध्यावर सोडलं का, हो, अर्धं झालंय!" एवढं एकच वाक्य प्ले-बाय-प्लेवाल्याने बोललं तरी पुरे. ते माहीत नसलेला प्रेक्षक पण त्या क्षणी समजतो की अजून चान्स आहे.

एकमेकांना इशारा ठरवा, टेबलाखाली गुडघ्याला हात लावला तरी चालेल. आणि दोन-तीन सेकंद शांतता झाली तर घाबरून ती भरू नका, गेमचा आवाज ऐकू देत लोकांना.

मी इंजिनिअरिंगला आहे, मुलगी आहे, आमच्या कॉलेजच्या आणि बाहेरच्या दोन-तीन स्पर्धांना कास्टिंग केलं. लाईव्ह चॅटमध्ये जे येतं ते वाचून रात्री झोप लागत नाही. "आवाज किरकिरा आहे", "म्यूट करा हिला", "जा पोळ्या लाट" आणि याहून घाण. काही लोक चांगलंही लिहितात. मला खरंच सुधारायचंय पण यातलं ऐकायचं कोणाचं?
— नाशिक रोड

तुझा मेसेज मी परत परत वाचला. तुला सुधारायचंय हे तू शेवटी लिहिलंस, मी तिथूनच सुरू करते.

कास्टिंग चालू असताना चॅट उघडं ठेवायचंच नाही, तुझ्या स्क्रीनवर ते दिसता कामा नये. हे फक्त मन शांत राहावं म्हणून सांगत नाहीये. स्पर्धांच्या स्ट्रीमला मुद्दाम डिले ठेवतात, नाहीतर स्ट्रीम बघून समोरच्या टीमची जागा कळेल. त्यामुळे तू जे आत्ता बोलतेस ते चॅटवाल्यांना नंतर ऐकू येणार, आणि चॅटमध्ये आत्ता जे येतंय ते तू मघाशी बोललेल्या गोष्टीवरचं. ते वाचून तू आत्ताचं बोलणं बदललंस तर दोन्हीकडचा घोळ. महत्त्वाचं काही असेल, समजा आवाजच जात नाहीये, तर प्रोड्यूसर किंवा मॉडरेटर कानात सांगेल, तेवढं पुरे.

कमेंट दुसऱ्या दिवशी वाचायच्या, आणि आधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर. हा क्रम सोडू नकोस. आधी कमेंट वाचल्यास तर रेकॉर्डिंग त्यांच्या कानाने ऐकशील. मग प्रत्येक कमेंटला एकच प्रश्न विचार, ही रेकॉर्डिंगमध्ये कितव्या मिनिटाला लागू होते? वेळ टाकता आली तर ती कामाची. नाही टाकता आली तर पुढे जा.

तुझ्याच कमेंटवर करून बघू. "आवाज किरकिरा" ही लागलीच रडायची पण नाही आणि फेकून द्यायची पण नाही. रेकॉर्डिंग लाव आणि किरकिर नेमकी कुठे येते ते शोध. बऱ्याचदा ती तुझ्या आवाजाची नसतेच, माईकची असते. जोरात बोलल्यावर ओबीएसमधली पट्टी लाल होते, आवाज फाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई किंचाळते. माईकची पातळी कमी कर, ओबीएसच्या फिल्टरमध्ये लिमिटर आहे तो लाव, खोलीत पंख्याची घरघर असेल तर नॉइज सप्रेशन लाव. परत रेकॉर्ड करून ऐक. तरी वरच्या पट्टीत आवाज चिरकत असेल तर तू गळ्यातून जोर लावतेस, पोटातून श्वास घेऊन बोलायचा सराव लागेल, तो जमतो. आणि हे सगळं करून ऐकल्यावर तुला किरकिर सापडलीच नाही, तर विषय बंद, त्या माणसाला मुलीचा आवाज गेमवर ऐकायची सवय नाही, ती सवय त्याने लावून घ्यायची.

"पोळ्या लाट" याला वेळ टाकता येते का? नाही. मग तो फीडबॅक नाहीच, तो कचरा आहे, आणि कचरा तुझ्यापर्यंत न येणं ही आयोजकाची जबाबदारी आहे. पुढच्या स्पर्धेला हो म्हणायच्या आधी विचार, चॅटला मॉडरेटर कोण आहे? "बघू, कोणीतरी बसेल" असं उत्तर आलं तर तूच तुझ्या विश्वासातल्या दोघी-तिघांना बसव. यूट्यूबमध्ये नको त्या शब्दांची यादी टाकता येते, त्यात मराठी शिव्या देवनागरीत टाक आणि इंग्रजी अक्षरांत लोक जशा जशा लिहितात तशा पण टाक, नाहीतर स्पेलिंग बदलून सगळं आत येतं. स्लो मोड लाव म्हणजे एकच माणूस धडाधड मेसेज टाकू शकत नाही. एखाद्याला चॅनलवर कायमचं लपवता येतं, त्याचं लिहिलेलं मग इतरांना दिसत नाही. हे सगळं मॅचच्या आधी करून ठेवायचं, मॅच चालू असताना नाही.

धमकी आली, फोटोशी छेडछाड झाली, नंबर किंवा पत्ता कोणी टाकला, तर ते सहन करायचं नाही. लिंक आणि तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढ, घरात एका मोठ्या माणसाला सांग, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते आणि आपल्या शहराचं सायबर पोलीस स्टेशन पण आहे. आधी डिलीट करू नकोस, पुरावा जातो.

चांगल्या कमेंटबद्दलही सांगते. "ताई एक नंबर" वाचून बरं वाटतं, वाटू दे, पण तिला पण वेळ टाकता येत नाही, तिच्यावरून स्वतःचं काम मोजू नकोस. "शेवटच्या सर्कलला तू आधीच म्हणालीस की ते डावीकडून येणार, भारी वाटलं" ही कमेंट मात्र जपून ठेव, कारण तुझं काय जमतंय ते त्यात नेमकं लिहिलंय. शिवाय व्हिडिओ स्वतःच्या चॅनलवर असेल तर यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये लोक कुठपर्यंत थांबले आणि कुठे निघून गेले त्याचा ग्राफ मिळतो. ज्या मिनिटाला एकदम घसरण दिसते तिथे जाऊन तू काय बोलत होतीस ते ऐक. जे लोक काहीच न लिहिता गेले त्यांचं म्हणणं तुला तिथे सापडेल, आणि तेच लोक सगळ्यात जास्त असतात.

मी सटाण्याचा, शिकायला नाशकात होस्टेलवर राहतो. कास्टिंग करताना जोशात आलो की अहिराणी सूर येतो, शब्दही येतात. कमेंटमध्ये "गावठी" म्हणतात. मी पुण्यासारखं बोलायला शिकू का? की हिंदीतच करू?
— पंचवटी

सूर बदलू नकोस. सूर आणि स्पष्टपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काम फक्त स्पष्टपणावर करायचंय. जोशात आल्यावर तू वाक्याचा शेवट गिळतोस का, "जॉर्जोपोल" आणि "पोचिंकी" ही मॅपवरची नावं ऐकणाऱ्याला वेगळी कळतात का, आकडे नीट येतात का, हे तपास. रोज दहा मिनिटं पेपरमधलं खेळाचं पान मोठ्याने वाच, आधी सावकाश, मग वेग वाढवत, आणि जिथे जीभ अडकते तिथे परत. स्पष्ट आलं की अहिराणी सूर हीच तुझी ओळख होईल, ऐकणारा डोळे मिटून सांगेल हा कोण ते. अहिराणी शब्द आला आणि संदर्भाने कळत असेल तर येऊ दे की.

डोटा 2 या गेमची कॉमेंट्री करणारा ओडीपिक्सेल त्याच्या प्रचंड वेगासाठी ओळखला जातो, आणि त्या वेगातही शब्द सुटा ऐकू येतो, म्हणून तो चालतो. काउंटर-स्ट्राइक या गेमचा नावाजलेला कॉमेंटेटर अँडर्स ब्लूम हा डेन्मार्कचा, इंग्रजी त्याची घरची भाषा नाही, तरी जगभरचे लोक त्याचं इंग्रजी ऐकत आले. आणि आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट ऐकवलं, ज्यांनी मैदान कधी पाहिलं नाही अशा घरांत सामना उभा केला. मराठीत वेगवान खेळ सांगता येतो का, हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवून ठेवलाय.

हिंदीचं म्हणशील तर शिक, जरूर शिक. देशपातळीवर बीजीएमआयची कॉमेंट्री मुख्यतः हिंदीत असते, काम तिथे जास्त आहे. पण गावठी म्हणाले म्हणून हिंदीकडे पळू नकोस, तिथेही कोणीतरी तुझ्या हिंदीला मराठी सूर आहे म्हणणारच.

माझा मुलगा 17 वर्षांचा, बारावीला आहे. अभ्यास सोडून गेमची कॉमेंट्री करायची म्हणतो. हे सगळं सरकारने बंद केलं ना? यात भविष्य काय आहे? आम्हाला काहीच कळत नाही.
— एक आई, इंदिरानगर

काकू, तुमची काळजी रास्त आहे आणि गोंधळही साहजिक आहे, कारण बातम्याच तशा येत गेल्या. पबजी मोबाईल सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाला, जुलै 2021 मध्ये त्याचीच भारतातली आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये तोही अ‍ॅप स्टोअरवरून निघाला आणि मे 2023 मध्ये परत आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्यात बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ईस्पोर्ट्स म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे गेम, त्यांना त्याच कायद्याने वेगळं धरून मान्यता दिलीये. 2018 च्या एशियन गेम्समध्ये ईस्पोर्ट्स प्रदर्शनी खेळ म्हणून होते आणि 2023 मध्ये चीनच्या हांगझोऊला झालेल्या स्पर्धेत तर पदकंही होती. तेव्हा मुलगा काही बेकायदा करत नाहीये.

भविष्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. कास्टरला बहुतेक ठिकाणी स्पर्धेपुरते, दिवसाचे पैसे मिळतात, महिन्याचा पगार फार थोड्यांना. आणि वर सांगितलं तसं एखादा गेमच वर्षभर गायब होऊ शकतो. म्हणून शिक्षण सोडायचं नाही, या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पण बोलायची, पटकन विचार करून मांडायची जी सवय त्याला लागेल ती निवेदनाला, रेडिओला, डबिंगला, साध्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला पण उपयोगी पडते.

घरात असं ठरवून बघा. बीजीएमआयमध्ये 18 च्या खालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहेच, पण कॉमेंट्रीच्या सरावाला गेम खेळावाच लागत नाही, जुनी मॅच लावून बोलायचं असतं. परीक्षेपर्यंत आठवड्यातून एक मॅच, रविवारी, आणि ती तुमच्यासमोर. तुम्हाला गेममधलं काही कळत नाही ना, मग तुमच्यासारखा ऐकणारा त्याला दुसरा मिळणार नाही. ऐकून झाल्यावर त्याला विचारा, कोण जिंकलं आणि का जिंकलं ते मला कळलं नाही, परत सांग. तुम्हाला कळेपर्यंत सांगता आलं तर पोरात दम आहे.

तीन तास सलग कास्टिंग केलं की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. लवंग, खडीसाखर सगळं करून झालं.
— देवळाली कॅम्प

पाणी दिवसभर प्यायचं, मॅचच्या वेळीच नाही. मॅचच्या आधी पाच मिनिटं ओठ बंद करून गुणगुणत आवाज गरम कर. हेडफोनमध्ये गेमचा आवाज कमी ठेव, तो मोठा असला की माणूस आपोआप त्याच्यावर ओरडतो. आवाज बसला तर कुजबुजून बोलू नकोस, त्याने ताण वाढतो, गप्प बस. आणि तीन आठवडे झाले तरी आवाज उघडला नाही तर घरगुती उपाय सोडून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

एका आयोजकाने दोन दिवसांच्या स्पर्धेला बोलावलंय. पैसे नाहीत, म्हणतो "एक्सपोजर मिळेल". आणि मध्ये मध्ये एका अ‍ॅपची जाहिरात वाचायची आहे, त्यात पैसे लावून खेळतात. करू का?
— सातपूर

जाहिरात वाचायची नाही. 2025 च्या कायद्यात पैशांच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीलाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आवाज तुझा असणार, व्हिडिओ यूट्यूबवर राहणार, आयोजक हात वर करेल. सरळ सांग की ही जाहिरात असेल तर मी नाही. ओव्हरलेवर (व्हिडिओवर दिसणाऱ्या पट्ट्यांवर) लोगो असेल तर तोही आधी बघून घे.

फुकट करण्याबद्दल माझं मत असं की अगदी पहिल्या एक-दोन छोट्या स्पर्धा, कॉलेजच्या, ओळखीच्या, ठीक आहेत. पण जिथे बक्षिसाला पैसे आहेत, बॅनरला पैसे आहेत, तिथे दोन दिवस बोलणाऱ्यालाच नाहीत हे बरोबर नाही. निदान येण्याजाण्याचा खर्च, जेवण, आणि तुझ्या आवाजाच्या ट्रॅकसकट पूर्ण रेकॉर्डिंग माग. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. रेकॉर्डिंग देत नाही म्हणाला तर जाऊ नकोस, कारण ते मिळालं नाही तर तुझ्याकडे दाखवायला काय राहिलं?

एक प्रेक्षक आमच्या प्रत्येक कास्टिंगनंतर लांबलचक लिहितो, मिनिटासकट. "18 व्या मिनिटाला चुकीची टीम सांगितली", "शेवटची फाईट सोडून स्पॉन्सरचं नाव घेत होता". सगळं खरं असतं. राग येतो आणि काय उत्तर द्यावं कळत नाही.
— म्हसरूळ

हा माणूस तुझं रेकॉर्डिंग तुझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतोय आणि ऐकून वेळ काढून लिहितोय. राग एक दिवस जाऊ दे. मग उत्तर दोन ओळींचं, सबबी न देता: "18 व्या मिनिटाचं बरोबर आहे, दोन टीमचे रंग सारखे होते, पुढच्या वेळी मॅचच्या आधी रंगांची यादी काढून ठेवतो." तुझ्याशी सहमत नसलेल्या मुद्द्यावर वाद घालू नकोस, पण खोटं मान्यही करू नकोस, "याबद्दल मला वेगळं वाटतं" एवढं लिहिलं तरी चालतं. स्पॉन्सरचं नाव घ्यायची जागा आयोजकासोबत आधीच ठरवून घे, दोन मॅचच्या मधली, म्हणजे तो प्रश्नच मिटतो.

आणि जमलं तर त्याला विचार, पुढच्या सरावाचं रेकॉर्डिंग अपलोड करायच्या आधी पाठवू का. हो म्हणाला तर पाठव.